दुपारचं खाद्य

आणे, ता. जुन्नर
१८ एप्रिल २०२४

ती. द्रौपदाअक्कास,
भागुजीचा सविनय जयभीम. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितो.

आपल्या कोंबड्या लई मेल्या. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आधी आम्ही खाद्याची भांडी दोरीने वर ओढतो आणि ऊन उतरलं की खाली सोडतो. पोट भरलेला पक्षी आतून तापतो. धापा टाकताना खाल्लेलं अंगाला लागत नाही ते वेगळंच. आईला हे कधी पटलं नाही. रोज मला पापी म्हणायची, भुकेल्याच्या तोंडापुढचं काढतोस म्हणायची. सोमवारी मी खाद्य आणायला ओतूरला गेलो होतो. पक्षी ओरडायला लागले तशी तिने भर दुपारी सगळ्या दोऱ्या सोडल्या. मी आलो तेव्हा निम्मं शेड आडवं झालं होतं आणि आई पदराने वारा घालत बसली होती.

मी तिला एक शब्द बोललो नाही. तेव्हापासून ती जेवत नाही, चहाच्या घोटावर आहे. तुझी भावजय दुधात भाकरी कुस्करून देते, तर तोंड फिरवते. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही. शेडभर पक्षी पोसतो, पण आईला एक घास भरवता येईना. तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं की ये.

तुझा धाकटा,
भागुजी

घोडेगाव
२४ एप्रिल

चि. भागूस,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचून रडले, मग तुझाच राग आला. तू लहानपणापासून गप्प बसून माणसाला मारतोस. दोन शब्द बोलला असतास तर आईने चार सुनावले असते आणि वर भाकरी खाल्ली असती.

तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून सांगते. बहात्तरच्या दुष्काळात आई पठारावर खडी फोडायला जायची. तू व्हायच्या आधीचा आपला जानकू पाटीत भुकेने रडायचा. सुट्टी होईपर्यंत मुकादम तिला उठू द्यायचा नाही. तो वाचला नाही. माझे कान गेले, पण ते रडणं अजून ऐकू येतं.

नवी पिलं आली की कागदावर मक्याची भरड टाकून, टकटक करून त्यांना खायला शिकवायचं काम आईचंच ना? ते तिलाच दे. माझं प्लास्टर अजून निघत नाही, नाहीतर मीच येऊन भरवलं असतं. तिला माझा नमस्कार सांग, मोठ्याने सांग.

तुझी अक्का

आणे
१० मे

ती. अक्कास,
सविनय जयभीम. काल पिलं आली. आईला धरून शेडात नेलं. तिने कागदावर नखाने टकटक केली, तशी पिलं तिच्या हाताकडे धावली. एक मान टाकून पडलं होतं. तिने त्याची चोच गूळपाण्यात बुडवली, ते प्यायलं. मग तिने ओलं झालेलं बोट तोंडात घातलं आणि म्हणाली की पाणी गोड झालंय. मी फुलपात्र भरून दिलं. सगळं प्यायली.

मी जानकूचं विचारलं. तिने एवढंच सांगितलं की तो दुपारचाच रडायचा. मी म्हणालो की आई, तुझी चूक नाही. त्यावर म्हणाली की लई उशिरा बोललास रं.

संध्याकाळी तिने अर्धी भाकरी खाल्ली. पाय जपावा.

तुझा,
भागुजी

आणे
३१ मे

ती. अक्कास,
सविनय जयभीम. आई गेली, तिचं पुण्यानुमोदन उरकून तूही गेलीस आणि घर मोठं वाटायला लागलं. शेवटी शेवटी ती थोडं थोडं खात होती, पण अंगात काही उरलं नव्हतं. भुकेली गेली नाही, एवढंच धरून आहे. सकाळी पंचशील म्हणताना पहिल्याच, जीव न मारण्याच्या शीलाला अडखळतो.

पिलं चांगली वाढली आहेत. मान टाकलेलं ते कोणतं, आता ओळखू येत नाही. ऊन तसंच आहे. दुपारी भांडी वर ओढली की सगळे ओरडतात. मी दोरी धरून दाराशी थोडा वेळ उभा राहतो. मला पापी म्हणायला कुणी येत नाही.

अक्का, लिहीत जा. रागाचं असलं तरी चालेल.

तुझा धाकटा,
भागुजी