पाद्रीला आलेलं बोलावणं

प्रिय आई,
तुला आणि बाबांना दमलेल्या हातांचा सलाम.

काल आमच्या लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवाल्याने विचारलं, "ए पाद्री, उद्या आमच्या नव्या खोलीत प्रार्थना करशील?" तिथेच माझं सगळं बदललं. डबा खाण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करतो म्हणून इथे मला चिडवायला पाद्री म्हणतात. पण काल तो थट्टा करत नव्हता.

आई, त्याची बायको म्हणजे तीच, जिच्यामागे मी कॉलेज सोडून इथवर आलो. त्याला हे माहीत नाही. प्रार्थनेशिवाय खोलीत राहायचं नाही, असं तिचं म्हणणं.

माझं डोकं तुला ठाऊकच आहे. हातातली ओली चादर त्याच्या अंगावर भिरकावली. तोंड पुसत तो म्हणाला, "अरे, नाही म्हण ना, आंघोळ कशाला घालतोस?" मग चादर उचलून मी "येतो" म्हणालो.

सकाळपासून देवाला विनवतोय, दुसऱ्या कुणाला पाठव. दुसरं कुणी आलेलं नाही, आणि देवाशी भांडायचंही त्राण नाही. "यांचं भलं कर" एवढंच म्हणायचंय. घशात अडकलं तर तोच ओढून काढील, असा भरवसा धरलाय.

जेवतो वेळेवर. बाबांचा गुडघा कसा आहे? माझ्यासाठी करतेस तशी आज त्या दोघांसाठीही प्रार्थना कर.

तुझा तापट लेक आता धुतलेला शर्ट घालून बाहेर पडतोय, आणि दार ओढून घेतोय.