कोऱ्या कागदावरची साक्ष

४ फेब्रुवारी, मंगळवार
लागली बाई नोकरी! सकाळच्या एसटीनं आमच्या बीबी गावाहून देऊळगाव राजाला आले. आईनं एवढ्या भाकरी बांधून दिल्या की अर्धा वॉर्ड जेवेल. दवाखाना वीस खाटांचा, खाजगी, फरशी नुसती लखलखीत. मोठ्या सिस्टर सुचिताबाईंनी स्वतः खोली दाखवली, मागच्या अंगणात, एका खिडकीची. दारात रुग्णहक्कांचा फलक आहे. आजार समजून घेण्याचा हक्क, नकार देण्याचा हक्क. हे सगळं मी बुलढाण्याच्या कॉलेजात घडाघडा म्हणून शाबासकी मिळवली होती. उगाच छाती फुगली.

५ फेब्रुवारी
इथली एक पद्धत कळली. बाई दाखल झाली की संमतीच्या कोऱ्या फॉर्मवर तिचा अंगठा घेतात, ऑपरेशनचं नाव नंतर भरतात. खाली साक्षीदार म्हणून नर्सची सही. कामाच्या घाईत खोळंबा नको, म्हणून सुचिताबाईंनी पन्नास कोरे फॉर्म पुढ्यात ठेवले. मी चहा पिता पिता सगळ्यांवर सह्या ठोकून दिल्या. दुसऱ्याच दिवशी नाही कसं म्हणायचं?

७ फेब्रुवारी
वॉर्डात गेल्या दोन दिवसांत ऑपरेशन झालेल्या अकरा बायका. कुणाचं पोट दुखत होतं, कुणाच्या अंगावरून जात होतं. काय ऑपरेशन झालं विचारलं तर एक म्हणाली गाठ काढली. दुसरीही गाठच म्हणाली. तिसरी म्हणाली, मले काय माहीत, मोठ्या बाईले माहीत.

मग कागद उघडले. अकराही जणींचं गर्भाशय काढलंय. सगळ्यात धाकटी सव्वीस वर्षांची. प्रत्येक कागदाखाली साक्षीदार मी. माझीच वळणदार सही.

८ फेब्रुवारी
सुचिताबाईंना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, सांगून काय होतं, नुसत्या घाबरतात बिचाऱ्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी कुठल्याही खाटेजवळ थांबले की त्या मागे उभ्या असतात. खोलीत ही वही उशीखाली ठेवली होती. आता गादीखाली सापडली.

१० फेब्रुवारी
तानाबाई दाखल झाली. एकोणतीस वर्षांची, पोटदुखी, सोबत चार वर्षांची छकुली. दोन दिवसांत ऑपरेशन. तिनं माझा हात धरून विचारलं, गाठ काढल्यावर मले अजून एक लेकरू होईन ना, बाई? तिचा फॉर्म पाहिला. अंगठा तिचा, सही माझी. मधला रकाना आज भरलाय. गर्भाशय काढणे.

मी काहीच बोलले नाही. लाज वाटते लिहायला.

११ फेब्रुवारी
सांगितलं! न्हाणीघरात नळ सोडून सगळं सांगितलं. काय काढणार आहेत, पुढे मूल होणार नाही, तुम्ही नाही म्हणू शकता. ती रडली. मग डोळे पुसून छकुलीला कडेवर घेतलं आणि दुपारच्या एसटीनं निघून गेली. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवते म्हणाली. मी तिचा फॉर्म फाडला.

सुचिताबाईंनी रिकामी खाट पाहिली. संध्याकाळी माझ्यासाठी स्वतः चहा आणला, मी संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

१२ फेब्रुवारी, सकाळ
पोटात कळा — पहाटेपासून. घरी जाते म्हटलं तर डॉक्टर सोनोग्राफीला घेऊन गेले. पडदा माझ्याकडे वळवलाच नाही. गाठ आहे म्हणाले. रिपोर्ट मागितला. सुचिताबाई म्हणाल्या, उगी घाबरशीन.

मी नर्स आहे. मला रिपोर्ट दाखवत नाहीत.

दुपार
फोन सापडत नाही — वॉर्डाच्या दाराला बाहेरून कडी — हाताला सलाईन. सुई मी काढली, त्यांनी पुन्हा लावली. धरून. नको म्हटलं, तीनदा म्हटलं. वॉर्डातल्या बायका ऐकत होत्या, एकीनंही मान वर केली नाही. त्यांना मी काय सांगितलं होतं कधी —

फॉर्म कुठाय विचारलं. मला वाचायचाय. सुचिताबाईंनी केसांवरून हात फिरवला — आपल्याच माणसाले कायचा फॉर्म —

डोळे जड. स्ट्रेचर आलं. वही चादरीत —

मी समता, वय चोवीस, शुद्धीवर आहे, स्वतःच्या हातानं लिहिते, या ऑपरेशनला माझी संमती ना