धाकट्याला पोलादी दांडा मिळू नये म्हणून

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फ्लूटची चांदीची डोकी घडवण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझा हात कापतो, पण तो चहाचा कप धरताना. कामाला बसलो की कापत नाही. याआधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. हेही रागातच आहे, पण विचार करून.

वाचणाऱ्याला कळावे म्हणून सांगतो. फ्लूटचे तीन तुकडे असतात. वादक ज्यात फुंकर घालतो त्या वरच्या तुकड्याला आम्ही डोके म्हणतो. चांदीचा पत्रा पोलादी दांड्यावर ठोकून नळी करायची, तिला ओठ टेकायची पट्टी डाखाने जोडायची, आणि पट्टीतल्या छिद्राची कड सुरीने खरवडायची. सगळा आवाज त्या कडेत असतो. केसभर जास्त गेले की डोके वाया. निघालेली चांदी परत लावता येत नाही.

१. राहते घर पत्नीला. चाळीस वर्षे तिने खालच्या मजल्यावरची ठोकाठोक सहन केली, तेव्हा तो तिचा हक्कच आहे. मात्र माझा धाकटा भाऊही माझ्याच कारखान्यात हीच डोकी करतो, आणि एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली होती, "भाऊजींचं डोकं किती गोड वाजतं, नाही?" ते मी विसरलेलो नाही. घर तरीही तिचेच.

२. बँकेत जे असेल ते मुलीला. तिने हा धंदा न शिकता दातांची डॉक्टर होणे पसंत केले. खरवडते तीही, पण तिच्या कामाची तुलना कोणी तिच्या काकाशी करत नाही. सुटली बिचारी.

३. सुऱ्या, कानशी आणि हातोड्या शेजारच्या लेथवाल्याला. त्याने त्या उसन्या नेऊन बोथट करून परत आणल्या आहेत, आता एकदाच्या घेऊन टाकाव्यात.

४. आता दांडा. तो वडिलांनी चार महिने घासून केला. तो एका टोकाला निमुळता होत जातो आणि तो उतार आजवर कुणालाही उतरवून घेता आलेला नाही. शेवटच्या आजारात त्यांनी आम्हा दोघा भावांना जवळ बोलावले. मी थोरला म्हणून दांडा माझ्या हातात दिला आणि धाकट्याला म्हणाले, "तुला काय देऊ? तुला तर कान आहेत." खोलीत सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मला काय नुसता दांडा?

तरी माझ्या मागे लेथवाल्याने या दांड्याचे तीन तुकडे करून भंगारात द्यावेत. धाकट्याला तो मिळता कामा नये. पुढेमागे माझेच मन पाघळले तर काय, म्हणून मी धाकट्यालाच साक्षीदार केले आहे. जो साक्षीदार असतो त्याला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. ऐकून फार बरे वाटले.

५. हे कलम लिहावे की नाही यात आठ दिवस गेले.

धाकट्याचे नाव एका डोक्यामुळे झाले. तेहतीस वर्षांपूर्वी मोठ्या वाद्यवृंदातल्या एका बाईंसाठी त्याने ते केले. दुपारी त्याने वाजवून पाहिले. मी माझ्या टेबलाशी बसून ऐकत होतो. इतके चांगले होते की माझ्या पोटात दुखायला लागले. तो जेवायला वर गेला. मी ते डोके उचलले आणि समोरच्या कडेच्या आतून सुरी फिरवली. एकदाच. बिघडवण्यासाठीच, खोटे कशाला लिहू? आतून तिथे हात घालायचा नाही, हे आमच्या वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवले होते.

धाकटा आला. फुंकर घातली. थांबला. पुन्हा घातली. मग ते पुसून डबीत ठेवले आणि पाठवून दिले. मी मनात म्हटले, आता होऊ दे फजिती.

पंधरा दिवसांनी त्या बाई स्वतः आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "खालचे सूर असे मी जन्मात ऐकले नव्हते!" तेव्हापासून लांबलांबून लोक येतात आणि 'तसेच' मागतात. तसे पुन्हा त्याला जमले नाही, पण नाव झाले ते झाले. मलाही जमले नाही. मन लावून केले की तो हात पडतच नाही. आणि बोलणार तरी काय? तो हात माझा म्हणावे, तर आधी पाप कबूल करावे लागणार. स्वतःच्याच कामावर जळत मी तेहतीस वर्षे काढली.

तरी माझ्या मागे हे कलम त्या बाईंना वाचून दाखवावे आणि त्या डोक्यावरची धाकट्याची खूण घासून माझी कोरावी.

६. (वरील सर्व लिहून झाल्यावर जोडलेले.) आज सकाळी सहीसाठी धाकट्याला बोलावले. साक्षीदाराने फक्त सही करताना बघायचे, मजकूर वाचायचा नाही, हे वकिलांनी दोनदा बजावले. पण हा लहानपणापासून माझी पत्रे फोडणारा. त्याने चष्मा लावून सगळे वाचले. पाचवे कलम दोनदा. मग उठून निघून गेला. मला वाटले, संपले सगळे.

अर्ध्या तासाने परत आला आणि माझ्यापुढे एक काड्यापेटी ठेवली. आत कापसावर चांदीचा छिलका होता, नखाच्या कोरीएवढा, काळा पडलेला.

"दादा, हा त्या दुपारी माझ्या टेबलावर पडला होता. मी तर टेबल पुसून जेवायला गेलो होतो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तुझी गचांडी धरायलाच निघालो होतो. पण आधी वाजवून बघितलं." तो खुर्चीत बसला. "तू बिघडवायला गेलास आणि तुझ्या हातून ते झालं. मी जन्मभर घासतोय, माझ्या हातून नाही झालं. कोणत्या तोंडाने सांगणार होतो की ते माझं नाही? जळत होतो रे तुझ्यावर."

तो माझ्यावर जळत होता! इतके बरे मला वडिलांनी दांडा दिला तेव्हाही वाटले नव्हते. मी पत्नीला चहा टाकायला सांगितला. मग लक्षात आले की छिलका जपून ठेवायचे मला सुचले नाही, त्याला सुचले. गप्प बसणेही त्याने माझ्यापेक्षा चांगले केले. त्याचा राग अजून आहे.

तरी पाचव्या कलमातली मागणी रद्द. खूण त्याचीच राहू द्यावी. एक छिलका सोडला तर बाकी काम त्याचेच आहे. चौथे कलमही रद्द. दांडा धाकट्याला द्यावा. काड्यापेटी मी ठेवून घेतली आहे. मला नेताना ती माझ्या खिशात असावी.

ठिकाण: कारखाना, धाकट्याचे टेबल (माझ्या टेबलावर पसारा होता).
तारीख: ९ मार्च. साल वकिलांच्या शिक्क्यात आहे.

सही: थोरला

साक्षीदार:
१. वकील, स्वतः. (लेथवाला यायला तयार होता, पण त्याला सुऱ्या मिळायच्या आहेत.)
२. धाकटा भाऊ. ही ओळ खोडली आहे, म्हणजे त्याला दांडा घेता येईल. त्याच्याऐवजी दाखला देणारे डॉक्टर.

खोडल्याची रेघ वाकडी आली आहे. हात कापला म्हणून नव्हे. हा शेजारी उभा राहून "सरळ ओढ, दादा, सरळ" म्हणत होता.