डोळे मिटून ऐकलेलं तिसरं गाणं

३ नोव्हेंबर, सोमवार
ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष गजाननराव घरी आले. रविवारी सौंसरच्या वाचनालयात माझं व्याख्यान ठरलं. विषय मीच सुचवला, जुना हॉलिवूड म्युझिकल. मंडळात आजवर मधुमेह आणि मृत्युपत्र यांपलीकडे कोणी गेलेलं नाही. अमितने नागपूरहून सिनेमाचा पेन ड्राइव्ह पाठवला आहे. छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बापाला सबटायटल लागत नाहीत, हे त्याला कळवलं.

४ नोव्हेंबर, दुपारी २
जेवून बसलो. ब्लॅक अँड व्हाइट. शिंप्याच्या दुकानात काजं करणारी पंधरा वर्षांची पोर, आणि आवाज असा की अंगावर काटा आला. म्हातारा गाण्याचा मास्तर तिला शहरातल्या थिएटरसाठी तयार करतो. तिसरं गाणं संथ आहे. ते डोळे मिटून ऐकलं. उघडले तेव्हा चहा झाला होता.
बायको विजया म्हणते, तुम्ही घोरून राहिले होते. तल्लीनतेत श्वास जड होतो, हे तिला माहीत नाही.

५ नोव्हेंबर
भात कमी खाल्ला. पहिली दोन गाणी पुन्हा अप्रतिम. तिसरं डोळे मिटून. तेवढ्यात विजयाचा अख्खा सिनेमा दुसऱ्यांदा पाहून झाला. तिला इंग्रजी येत नाही. काय समजलं विचारलं, तर म्हणे, पोरीचं तोंड दिसून राहिलं नं, अजून काय समजाचं. शेवट सांगायला निघाली होती. मी थांबवलं. व्याख्याता उसना माल वापरत नाही.

७ नोव्हेंबर
काल ताठ खुर्चीत पाहिला. आज उभ्याने, दाराला टेकून. तिसऱ्या गाण्यात कपाळ कडीवर आपटलं. कडी चुकीच्या उंचीवर बसवली आहे.
शेवट राहिला, पण अंदाज आहे. थिएटर, टाळ्या, लग्न. अनुभवी माणसाला कळतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
आज नक्की पाहणार होतो, पण मंडळासोबत जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जावं लागलं. येताना ऑटोत सगळ्यांना सांगून ठेवलं, उद्या रुमाल आणा.

९ नोव्हेंबर, रविवार
मंडळाच्या पद्धतीप्रमाणे शाल-श्रीफळ आधी, भाषण नंतर. शाल घेतल्यावर वक्त्याला पळता येत नाही म्हणून. चाळीस मिनिटं रंगलो. शेवटी पोरगी थिएटर गाजवते आणि मालकाच्या मुलाशी लग्न करते, असं सांगितलं. रुमाल कोणी काढला नाही. मागून विजया म्हणाली, मालकाले पोरगाच नाही.
गजाननरावांनी तिलाच सांगायला लावलं. थिएटरमध्ये गाण्याच्या दिवशीच मास्तर आजारी पडतो. पोरगी सगळं सोडून पळत येते आणि त्याच्या खिडकीखाली गाते. तेच तिसरं गाणं. मास्तरले ऐकू गेलं का नाही ते दाखवत नाहीत, म्हणे, पण खिडकीचा पडदा हालते. मग तिने चाल गुणगुणून दाखवली. पहिला रुमाल गजाननरावांचा निघाला. दुसरा माझा. हे फक्त इथे लिहितो.
मंडळाकडे शाल एकच असते. ती माझ्या खांद्यावरून काढून विजयाला घातली. नारळ माझ्याकडे राहिला.

१० नोव्हेंबर, संध्याकाळी ५
नारळाची चटणी झाली. दुपारी विजया शाल पांघरून शेजारी बसली. मला तो पडदा पाहायचाच होता. तिसरं गाणं लागलं की तिने कोपराने ढोसायचं, असं ठरलं.
तीनदा ढोसलं म्हणे. चहा छान झाला होता.