भातावरचं काळं

मंगळवार, संध्याकाळ. शिवडी.

वॉर्ड ऑफिसने आमच्या चाळीतल्या सगळ्या तक्रारी परत पाठवल्या. हवेचं कारण नाही, भाषेचं.

मागच्या गोदामातून कोळशाची भुकटी उडते. बायकांनी फोनवर बोलायचं आणि एआयने त्याचा अर्ज करायचा, एवढंच माझं ॲप करतं. शेजारच्या शालनमावशी बोलल्या होत्या, "झाकण घातलंय तरी भातार काळा बसता गो. नातवाक धाप लागता." अर्जात आलं, "धूलिकणांमुळे रहिवाशांच्या आरोग्यावर विपरीत परिणाम होत आहे." सगळ्यांच्या अर्जांत हेच. भात कुठेच नाही.

वॉर्ड ऑफिसातले साहेब हसले. "मॅडम, चाळीतल्या बायका असं बोलतात होय? तुम्हीच बसून लिहिलंय सगळं. त्यांचे आवाज आणा, मग बघू."

आवाज नाहीत. अर्ज झाला की रेकॉर्डिंग पुसायचं, गोदामवाल्यांच्या हाती काही लागू नये म्हणून. माझा निर्णय बरोबरच होता. मग राग नेमका कुणाचा येतोय?

मावशींकडे गेले. त्या नातवाची छाती शेकत होत्या. पोराला धड झोपताही येत नव्हतं. सगळं सांगितलं.

"मग मी परत बोलतंय. त्यात काय?"

"त्या दिवशी बोललात तसंच बोला, मावशी. भातावर काळं बसतं ते."

त्यांनी पदर सारखा केला, फोन तोंडाशी धरला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "धूलिकणांमुळे रहिवाशांच्या आरोग्यावर..."

मी वाचून दाखवलेला अर्ज त्यांनी पाठ केला होता.