फळ्यावरची आगबोट

फणसवाडी, गुरुवार, संध्याकाळ, १९५७

अमेरिकन वकिलातीत आज पुन्हा तेच ऐकलं. कागदपत्रं चोख आहेत, कापड रंगवणारा जाणकार तिकडे हवाच आहे, पण हिंदुस्थानच्या वाट्याच्या यंदाच्या जागा भरल्या. पुढच्या वर्षी तरी? विचारलं, तर तिथली बाई नुसती हसली. भांडायचं तरी कोणाशी?

तिकडच्या गिरणीचं बोलावणं आलं, तेव्हा म्हटलं, आधी व्हिसा तर मिळू दे; पण चाळीचे सेक्रेटरी भाऊ माझं ऐकायलाच तयार नव्हते. शाल-नारळ देऊन सत्कार उरकला, वाडीच्या तोंडाशी फळ्यावर अभिनंदन लिहिलं, खाली खडूने आगबोट काढली. ती अजून आहे.

आज परतलो तेव्हा भाऊ संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचं लिहीत होते. म्हटलं, "भाऊ, माझं पुसा आता."

"छे रे, जाणाऱ्याचं नाव पुसू नये. सभेचं बारीक अक्षरात बसवतो."

जात नाहीये, एवढंच सांगायचं होतं. का नाही सांगितलं?

आता खिडकीतून दिसतंय, अख्खी वाडी सभेला निघालीय. एरवी भाऊ मला हाताला धरून नेतात. आज कोणी हाकसुद्धा मारली नाही. त्यांच्या लेखी मी केव्हाच त्या आगबोटीत बसलोय.