दोघांत एकच रजई

२० डिसेंबर, शनिवार

अकरा किलो! एका रात्रीसाठी अकरा किलो पाठीवर कोण वाहून नेतं? कुणाच्या लग्नाला चाललेय का मी? तीन किलो उतरवणार म्हणजे उतरवणार.

तर, ठरलं. १७ जानेवारी. रास अल खैमाच्या वरच्या डोंगरात एक रात्र. तिथे खडकात पाण्याचं एक डबकं आहे आणि पहाटे तिथे ताहर येतो म्हणे — डोंगरी बकऱ्याच्या जातीचा, अंगावर लांब केस, फार थोडे उरलेत. जागा मुश्ताकने शोधली. हा अबू धाबीतल्या आमच्या मुसाफाच्या ऑफिसातला साइट इंजिनिअर. त्याचे मामा पाकिस्तानातल्या चित्रालचे शिकारी, लहानपणी हा त्यांच्यामागे डोंगर तुडवायचा. इथे शिकारीला बंदी, म्हणून आमची शिकार कॅमेऱ्याची. बाकी नियम तेच — आदल्या दिवशी वर जाऊन पडायचं, सामान कमी, शेकोटी नाही, बडबड नाही.

जाणार मी, मुश्ताक आणि गुणवंत. गुणवंतला अजून माहीत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सांगितलं. टीव्हीसमोर झोपला होता, उठवून सांगितलं. "बघू," म्हणाला आणि परत डोळे मिटले.

काय झालंय ह्या माणसाला! लग्नाआधी राजमाचीला माझीही सॅक पाठीवर टाकून पुढे पळणारा हाच ना? आता ऑफिस, सोफा, झोप. दोन पोळ्यांवर जेवण आटपतो तरी पोट सुटतंय. डिसेंबरात अख्खी एमबीझेड सिटी टी-शर्टवर फिरतेय आणि आमचे साहेब घरात स्वेटर घालून! मी चिडवते — अंटार्क्टिकाहून आलास का, लोकर कातरायची वेळ झाली का. पूर्वी उलटून बोलायचा. आता नुसता हसतो.

खरं लिहू? मला भीती वाटते. भांडण नाही, काही नाही, पण माणूस हळूहळू माझ्या हातातून सुटत चाललाय. त्याला मी डोंगरावर नेणार. चढला की अंग मोकळं होईल, डोकंही. मला माझा नवरा परत हवाय, बस.

२४ डिसेंबर, बुधवार

ऑफिसात सगळे विचारतात, इथे थंडीची प्रॅक्टिस कशी करणार? अरे, सोपं आहे! हॉलचा एसी सोळावर, पंखा फुल, आणि मी गालिच्यावर नवी रजई घेऊन. गाढ झोपले. पास!

रजईची गंमत अशी. परवा संध्याकाळी दोघांनी दुबईच्या इंटरनॅशनल सिटीला जाऊन ड्रॅगन मार्ट पालथं घातलं. दोन स्लीपिंग बॅगा म्हणजे अडीच किलो. त्यापेक्षा दोघांत एकच रुंद रजई — दीड किलो. किलोभर वजन एका झटक्यात गेलं! दोनशे ऐंशी दिरहॅम. "म्हणजे सात हजार रुपये," गुणवंत मोठ्याने म्हणाला, पण नको म्हणाला नाही.

रात्री मात्र शाल गुंडाळून हॉलमध्ये आला. हा एसी बंद कर, गारठा आतपर्यंत येतोय, म्हणाला. मी म्हटलं, परीक्षा चालू आहे. तेव्हा कैवल्यच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. लेक आमचा इंग्लंडात लीड्सला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. खोली रिकामीच असते.

२९ डिसेंबर, सोमवार

परीक्षा संपली तरी साहेब कैवल्यच्याच खोलीत. त्याची उशी गेली, चष्मा गेला, आज चार्जरही गेला. विचारलं तर म्हणतो, तुला एसी लागतो, मला सोसत नाही, दोघांची झोप कशाला मोडायची.

बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. तरी रिकाम्या बाजूकडे बघत जागी राहिले. मग उठून एसी अठरावर केला.

३ जानेवारी, शनिवार

येतोय! "तू एवढी मागे लागली आहेस तर येतो," म्हणाला. मी गॅस बंद करून स्वयंपाकघरातच एक गिरकी मारली.

लगेच कामाला लागले. मॅट पूर्ण लांबीच्या कशाला? पाठ आणि कंबर टेकली की झालं. कात्रीने दोन्ही अर्ध्या केल्या. टूथब्रश दोघांत एक — गुणवंतने असं तोंड केलं की शेवटी माझा वेगळा घेतला. टॉवेल रद्द. दुसरी पँट रद्द. मुश्ताकला वजन कळवलं, तो म्हणाला, "मॅडम, आपको तो हमारे मामू साथ ले जाते." दिवसभर हवेत होते.

९ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी कैवल्यचा फोन. "आई, डॅड साउंड्स वीअर्ड. इज ही ओके?" म्हटलं, घोरून घोरून आवाज बसलाय तुझ्या बाबांचा, बाकी काही नाही.

जेवताना गुणवंत म्हणाला, जाण्याआधी एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ का, फार थकायला होतं. मी म्हटलं, नोव्हेंबरात तर व्हिसाचं मेडिकल झालं तुझं. रक्त घेतलं, एक्स-रे काढला, फिट म्हणून शिक्का मिळाला. सरकारला तू चालतोस, डोंगराला का नाही चालणार? त्यालाही पटलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगुळाचे लाडू केले. काट्यावर टाकले आणि डोक्यात उजेड पडला — एवढ्याशा वजनात एवढी ऊब दुसऱ्या कशात मिळणार! चिवडा, पराठे, नूडल्स सगळं खलास. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिळगूळ. छोटी शेगडी आणि एक पातेली, चहापुरती.

गुणवंतला लाडू दिला, गोड बोल म्हटलं. म्हणाला, "बोलतोच की. तू ऐकत नाहीस." हसतच म्हणाला.

१६ जानेवारी, शुक्रवार

हरे राम! त्याची सॅक उचलली तर हाताला रग लागली. आत दुसरा स्वेटर, लोकरी पायमोजे दोन जोड, रबरी शेकपिशवी आणि कानटोपी! तीही माकडटोपी! शेकपिशवी घेऊन शिकारीला गेलेला माणूस कुणी बघितलाय का?

काढलं सगळं. मोजे एक जोड ठेवले. तो झोपलाय, सकाळी सांगेन.

दोघांच्या सॅका साडेसात-साडेसात. जमलं!

१७ जानेवारी, शनिवार

निघतोय. यल्ला! (सांगायचं राहिलं. वर गेल्यावर सांगेन.)

१८ जानेवारी, रविवार

घरी आहोत. दोघंही. हे आधी लिहून टाकते.

चढ छान झाला. गुणवंत हळू चालत होता, दर वळणावर बसत होता. मी त्याचं पाणी माझ्याकडे घेतलं. ऊन उतरताना वर पोचलो. डबक्यापासून लांब, खडकाच्या आडोशाला जागा केली. समोर नुसते तांबडे डोंगर. गुणवंत म्हणाला, बरं झालं आणलंस. त्या एका वाक्यासाठी मी अजून दहा डोंगर चढले असते.

सूर्य गेला आणि वारा सुटला. मुश्ताकच्या घड्याळात सहा डिग्री. सोळा आणि सहामध्ये फार फरक नाही, असं मी धरून चालले होते. पण एसीचा गारठा कधी खालून येत नाही! इथे खडकच बर्फासारखा. अर्धी मॅट कमरेपाशी संपते, तिथून पुढे पाय दगडावर. आणि दोघांत एक रजई म्हणजे मधे फट — वारा थेट आत. हॉलमध्ये खाली गालिचा होता आणि रजईत मी एकटी होते. ही माझी परीक्षा!

गुणवंतने सॅकमध्ये हात घातला. बराच वेळ चाचपत राहिला. मग म्हणाला, "अनु, माझा स्वेटर?" काढला, मी म्हणाले. त्याने हात बाहेर घेतला आणि पडून राहिला.

आधी त्याचे दात वाजत होते. मग थांबले. मला वाटलं, आली ऊब. मी डोळे मिटले. तर हा अगदी शांतपणे, जड जिभेने म्हणतो, "कैवल्यची बस आली. खाली जा ना, तो एकटा आहे."

कैवल्यची स्कूलबस बंद होऊन किती काळ लोटला! हात धरला तर माझ्या हाताला चटका बसावा इतका गार. नाव विचारलं तर सांगेना.

मग मी रडत बसले नाही. रडायचं नंतर, असं स्वतःला मोठ्याने सांगितलं. मुश्ताकला हाक मारली. शेगडी पेटवली, पाणी कोमट करून प्लास्टिकच्या दोन बाटल्या भरल्या, मोज्यांत घातल्या आणि त्याच्या काखेत दिल्या. दोन्ही अर्ध्या मॅट, तीन रिकाम्या सॅका, कॅमेऱ्याची फोमची पिशवी — जे मऊ दिसलं ते त्याच्याखाली सारलं. मुश्ताकने स्वतःचं जाकीट काढून त्याला चढवलं, टोपीही त्याची. नीट गिळता येतंय असं दिसल्यावर साखरेचं पाणी घोटघोट, मग तिळगुळाचा चुरा. नंतर मी रजईत शिरून त्याला घट्ट धरलं, रजईच्या कडा मुश्ताकने दगड ठेवून दाबल्या. बोलत राहिले. काय बोलले देव जाणे — राजमाची, लग्नातला घोळ, डोंबिवलीतली आमची पहिली खोली. बऱ्याच वेळाने तो परत थडथडायला लागला. मुश्ताक म्हणाला, शुकर है, काँप रहे हैं. थरथरणाऱ्या नवऱ्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पहाटे तो म्हणाला, "अनु, मला चिरडतेयस तू." शुद्धीवर! मग माझ्या हातावर डोकं ठेवून नीट झोपला.

तेवढ्यात डबक्याशी खुरांचा आवाज. मुश्ताक माझ्या पाठीमागून कुजबुजला — मॅडम, आ गया. मला मान वळवायला हवी होती, आणि वळवली असती तर हात हलला असता. नाही वळवली. कॅमेरा पिशवीबाहेर थंड पडला होता. मुश्ताक शपथेवर सांगतो, ताहरच होता. असेल.

ऊन अंगावर आल्यावर सावकाश उतरलो. खाली टपरीवर करक, इथला कडक दुधाळ चहा. गुणवंत दोन ग्लास प्यायला आणि हसलासुद्धा. गाडी मी चालवत होते. तो मागे झोपल्यावर मुश्ताक हळूच म्हणाला, "मॅडम, छह डिग्री में तीनों थे. मैंने तो जैकेट भी दे दी थी. ऐसा सिर्फ़ भाईसाहब को क्यूँ हुआ?"

मी काढलेला स्वेटर सांगितला. तो म्हणाला, एक स्वेटर से इतना नहीं होता.

१९ जानेवारी, सोमवार

सुट्टी टाकली, दोघांचीही. काल रात्री एसी बंद ठेवून त्याला आमच्या खोलीत झोपवलं. घामाने मला झोप नाही. तो मात्र पांघरूण ओढूनच.

सकाळी त्याला उठवायच्या आधी बघत बसले. चेहरा सुजरा वाटतो. भुवया विरळ झाल्यात. रोज बघते मी हा चेहरा! काय बघते मग?

उद्याची डॉक्टरची वेळ घेतली. तो म्हणाला, व्हिसाचं मेडिकल झालंय की. माझंच वाक्य.

२० जानेवारी, मंगळवार

डॉ. शहरबानू, वयाने लहान, पण घाई नाही. डोंगराचं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रागावतील. नाही रागावल्या. त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून बघितली, गळा चाचपला, गुडघ्यावर हातोडी मारली. थकवा, वजन, आवाज, झोप — एकेक विचारत गेल्या आणि तो एकेकाला हो म्हणत गेला. मी शेजारी बसून ऐकत होते. व्हिसाच्या मेडिकलमध्ये मोजके संसर्गजन्य रोग बघतात, बाकी काही नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं इथे राहून!

रक्त दिलंय. येताना गाडीत मी म्हणाले, स्वेटर काढायला नको होता मी. तो म्हणाला, डोंगर छान होता पण.

इन्शाल्ला काही नसेल. आणि असलं तर बघून घेऊ. मी आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

थायरॉईड. जवळजवळ बंदच पडलंय त्याचं. उद्यापासून रोज उपाशीपोटी गोळी. बरा होईल, डॉक्टर म्हणाल्या, थोडा वेळ लागेल पण होईल. लिहिता लिहिता त्यांनी त्याला विचारलं, थंडी कधीपासून वाजते. तो बराच वेळ आठवत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला विचारा. ही चिडवायला कधी लागली, ते सांगेल."

रागाने नाही म्हणाला. खरंच आठवत नव्हतं त्याला.

"कैवल्यच्या दहावीपासून," मी म्हणाले. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.